बुधा तारी आणि खाडीचा चकवा

फार फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि टेकडीवर दीपस्तंभही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तिवरदांड्याच्या किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं ती सांगतात. कुणी लांबवतं, कुणी आटोपती घेतं. पण बुधा तारीचं नाव आलं की सांगणाऱ्याचे हात घटकाभर थांबतात.

तिवरदांडा म्हणजे वाळूची जीभ. उत्तरेला ती डोंगराच्या पायथ्याला चिकटलेली आणि तिथून कोसभर दक्षिणेकडे लोंबलेली. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी, मधे मूठभर गाव. सगळ्यात उंच जागा म्हणजे देवीच्या देवळाची वाळूची टेकडी, आणि तीसुद्धा दोन पुरुष उंच. उधाणाच्या दिवशी ओट्यावर बसलं की समुद्र ओट्याहून वर दिसायचा. नवी सून पहिल्यांदा तो पाहायची आणि उठून उभी राहायची. सासू म्हणायची, "बस गो. तो तसाच दिसतो."

डोंगरातून एक नदी उतरायची. ती समुद्राच्या अगदी हाकेवर यायची, पण मधे दांड्याची अरुंद मान आडवी. म्हणून ती वळायची, खाडी होऊन दांड्याच्या पाठीमागून कोसभर दक्षिणेला जायची आणि टोकाला वळसा घालून समुद्राला मिळायची. त्या जागेला मुख म्हणत. भरतीला मुखातून समुद्र आत यायचा, ओहोटीला खाडी बाहेर जायची. खाडीकाठी तिवरांचं रान होतं, रानाच्या आडोशानं भातशेती होती. गावाला गोडं पाणी देणारी एकच मोठी विहीर होती, ती दांड्याच्या मानेवर. तिला थोरली बाव म्हणत. ती पुरुषभरच खोल होती. कारण या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगतं. हावरेपणानं खोल खणलं की साय फाटते आणि खालून समुद्र वर येतो.

बुधा हा गावचा तारी, म्हणजे नावाडी. टोकावरून पैलतीराला माणसं न्यायची आणि आणायची, हे त्याच्या घराण्याचं काम. असं म्हणतात, की त्याला खाडी वासावरून कळायची. डोळे मिटून तो सांगायचा, की आता होडीखाली चिखल आहे, आता वाळू, आता कालवांचा खडक. लोक त्याच्या होडीत बसले की पाण्याकडे बघतही नसत. बायका भाजी निवडायच्या, म्हातारे डुलक्या काढायचे. आणि बुधाला त्याचा अभिमान होता. बोलायचा नाही, पण होता.

एका वर्षी मार्गशीर्षात गावातल्या एका मुलीचं लग्न पैलतीरावर ठरलं. दुपारचा मुहूर्त होता. वऱ्हाड सकाळीच बुधाच्या होडीत बसलं. नवरीला मुंडावळ्या बांधलेल्या, पुढे ताशेवाला, मागे आहेराच्या पाट्या. ओहोटी लागली होती, पण बुधाला त्याची काळजी नव्हती. मुखाच्या मधोमध कुठल्याही ओहोटीला चार वाव, म्हणजे चार पुरुष खोल पाणी असायचं. तिथं बांबूला तळ लागत नसे.

आणि बरोबर तिथंच होडीचा तळ खर्रकन घासला.

बुधानं बांबू खाली घातला. तो गुडघाभर पाण्यात वाळूत रुतला. त्यानं होडी डावीकडे लोटली, तिथंही वाळू. उजवीकडे लोटली, तिथंही वाळू. बघता बघता पाणी निघून गेलं आणि होडी खाडीच्या मधोमध कोरड्यावर बसली. नवरीभोवती खेकडे फिरायला लागले. सूर्य डोक्यावर आला, डोक्यावरून ढळला. पैलतीरावर वाजंत्री वाजत होती, ती हळूहळू थांबली.

नवरीचा बाप म्हणाला, "बुधा, पिऊन आलास काय रे?"

"नाय हो," बुधा म्हणाला. तो खाली उतरून वाळूवर उभा होता आणि आपल्याच पायांकडे बघत होता. "खाडी इथंच होती. काल इथंच होती."

लग्न दुसऱ्या मुहूर्तावर लागलं, संसारही चांगला झाला. पण बुधाचं मन त्या वाळूवरून उठेना. घरी येऊन त्यानं बायकोला, येसूला, विचारलं, "चार वाव पाणी जातं कुठं गो?" येसू म्हणाली, "जेवा आधी." तो जेवला, पण काय जेवला ते त्याला सांगता आलं नसतं.

पौषात धुकं पडलं. एका सकाळी पैलतीरावरून कुणीतरी हाक मारली म्हणून बुधा एकटाच होडी घेऊन निघाला. पाणी आता ओळखीचं राहिलं नव्हतं. जिथं ओढ असायची तिथं ते गप्प होतं, आणि जिथं गप्प असायचं तिथं गोल फिरत होतं. तो वल्हवत राहिला, वळत राहिला. शेवटी काठ लागला. काठावर धुक्यात एक बाई कालवं फोडत बसली होती. बुधानं विचारलं, "बाय, पैलतीर तो हाच ना?"

बाईनं मान वर केली. "अवो, मी येसू," ती म्हणाली. "हे आपलं घर."

ही गोष्ट दुपारपर्यंत गावभर झाली. पोरं हसली. मग म्हातारी माणसं म्हणाली, हसू नका, ह्याला चकवा लागलाय. रानात माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो तो चकवा. पण पाण्यातला चकवा कुणी ऐकला नव्हता. देवळातल्या भगतानं सांगितलं, बंडी उलटी घाल, डावी वहाण उजव्या पायात घाल आणि मागं वळून बघू नको. बुधानं सगळं केलं. उलट्या बंडीनं, चुकीच्या वहाणांनी तो वल्हवायला बसला आणि पैलतीरासाठी निघून थेट तिवरांच्या रानात घुसला.

गावकार होते सदोबातात्या. गावाचा शब्द त्यांचा. रागीट होते, पण वाईट नव्हते. ते म्हणाले, "बुध्या, तू थोडे दिवस घरी बस." त्यांनी आपला पुतण्या दामू याला होडी दिली. दामू पंचविशीचा, दंडानं जाड. तो सकाळी गेला तो तिसऱ्या दिवशी आला, आणि तोही चालत, डोंगराच्या वाटेनं, कमरेपर्यंत चिखलानं माखलेला. होडी कुठं आहे विचारलं, तर म्हणाला, "खाडीत. पण खाडी कुठं हाय, ते इचारू नका."

त्या दिवसापासून कुणी हसलं नाही.

माघात मुख बंद झालं. खाडीच्या टोकाशी वाळू अशी आडवी पसरली, की पैलतीरची गुरं चालत या बाजूला आली. आधी लोकांना गंमत वाटली. पाय न भिजवता माहेरी जाता येतं म्हणून बायका जाऊन आल्या. पण मग खाडीत भरती येईना. दिवसातून दोनदा आत येणारं पाणी येईना, बाहेर जाणारं जाईना. तिवरांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर येतात आणि ओहोटीला श्वास घेतात. ती आता दिवसरात्र पाण्याखाली राहिली आणि झाडं पिवळी पडली. निवट्या हे बोटभर मासे चिखलावर उड्या मारतात, त्यांना चिखलच उरला नाही. मासे उताणे तरंगायला लागले. बगळे काठावर उभे राहायचे, खाली बघायचे आणि काही न खाता उडून जायचे. गावात पोरांना ताप यायला लागले.

सदोबातात्यांनी गडी जमवले आणि जुन्या मुखाशी चर खणायला घेतला. चैत्र गेला, वैशाख गेला. दिवसभर खणायचं, आणि भरतीनं येऊन सगळं बुजवून टाकायचं. खणणाऱ्यांच्या हातांना घट्टे पडले. पण मुख तिथंच होतं, बापजाद्यांपासून तिथंच होतं, मग दुसरीकडे कुठं खणणार? आणि पाऊस जवळ येत चालला होता. नदीला पूर आला आणि मुख बंदच राहिलं, तर ते पाणी कुठं जाणार, हे प्रत्येकाच्या मनात होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

बुधा मात्र चालत होता. होडी नव्हती, काम नव्हतं, म्हणून तो रोज सकाळी उठून दांडा पायाखाली घालायचा. समुद्राच्या अंगानं वर जायचा, खाडीच्या अंगानं खाली यायचा. भेटेल त्याला विचारायचा, "हे असं का झालं असंल?" तिसऱ्या अन् चवथ्या वेळी लोक त्याला टाळायला लागले. असं म्हणतात, की मग तो माणसं सोडून इतरांना विचारायला लागला. वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीला विचारायचा, तर ती दक्षिणेकडे सरकलेली दिसायची. केवड्याच्या बनाला विचारायचा, तर त्याची समुद्राकडची मुळं उघडी पडलेली. जी वाळू उत्तरेकडून गेली तीच दक्षिणेला येऊन बसली, एवढं त्याला हळूहळू दिसलं. दांडा चालत होता. जमीन चालते हे कळल्यावर तर तो आणखीच गोंधळला. चालणाऱ्या जमिनीवर उभं राहून वाट दाखवायची कशी?

एक दिवस ओहोटीला तो दांड्याच्या मानेपाशी समुद्राच्या बाजूनं चालत होता. तिथली ओली वाळू थरथरत होती. वाळूतून बारीक बारीक झरे पाझरून समुद्राकडे चालले होते. तांबडे खेकडे त्यांच्या कडेनं बिळं करून बसलेले. बुधानं वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. अळणी. समुद्राच्या पोटाशी अळणी पाणी! नदीचं पाणी मानेखालून वाट काढत होतं.

त्याला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. ज्या माणसाला स्वतःचं घर ओळखता आलं नाही, त्यानं स्वतःच्या जिभेवर विश्वास कसा ठेवायचा? त्यानं येसूला आणून तिला ते पाणी चाखवलं. येसूनं पुन्हा एकदा बोट बुडवून चाखलं. मग म्हणाली, "मला नाय सांगता येत. माझी जीभच बिघडलीय." आणि पदरानं तोंड पुसून निघून गेली. बुधाला तिचं बोलणं कळलं नाही. त्या दिवसांत त्याला कुणाचंच बोलणं कळत नव्हतं.

ज्येष्ठात घाटमाथ्यावर आधी पाऊस कोसळला. गावावर ऊन होतं आणि नदी मात्र तांबडी होऊन आली. खाडी भरली. दुपारपर्यंत पाणी भाताच्या बांधांवरून आत शिरलं. घरांच्या मागच्या दारी लाटा यायला लागल्या. पुढच्या दारी समुद्र होताच. सदोबातात्या सगळे गडी घेऊन दक्षिणेच्या टोकाला खणत होते, आणि वाळू पुन्हा पुन्हा ढासळत होती.

तेव्हा बुधानं घरातलं जुनं वल्हं उचललं. तो मानेवर गेला, थोरल्या बावेच्या बाजूला उभा राहिला आणि वल्ह्यानं वाळू उपसायला लागला. थोड्या वेळानं येसू खोरं घेऊन आली. काही न विचारता तीही खणायला लागली.

कुणीतरी पळत जाऊन सदोबातात्यांना सांगितलं. ते धापा टाकत आले, मागे सगळं गाव आलं.

"बुध्या, थांब!" तात्या ओरडले. "बाव हाय तिथं! गावाचं तोंडचं पाणी तोडतोस? चकवा लागलेला माणूस तू, आणि गावाला वाट दाखवतोस?"

बुधा थांबला. घामानं आणि वाळूनं त्याचे डोळे चुरचुरत होते. असं म्हणतात, की त्यानं तेव्हा मोठ्या आवाजात, सगळ्या गावासमोर, त्या किनाऱ्यावर त्याआधी कुठल्याही तारीनं न उच्चारलेले शब्द उच्चारले.

"मला ठाव नाय, तात्या," तो म्हणाला. "मला कायच ठाव नाय. खाडी कुठं गेली, मला ठाव नाय. इथं खणलं तर गाव वाचंल का बुडंल, ते बी ठाव नाय. माझ्या जिभेला हितलं पाणी गोडं लागलं. माझी जीभ खोटी असंल. तुमी चाखून बघा ना. कुनीतरी चाखून सांगा."

कुणी हललं नाही. 

मग येसूनं खोरं टाकलं. "बावेचं पाणी खारं झालंय," ती म्हणाली. "फाल्गुनापासून. मला वाटलं, वयानं माझी जीभ गेली. म्हणून बोलले नाय."

गर्दीतून एक बाई म्हणाली, "मला बी लागतं खारं." दुसरी म्हणाली, "माझं पोर पीत नव्हतं. मी त्याला मारलं." एकीमागून एक बायका बोलायला लागल्या. रोज घागर भरणारी प्रत्येक बाई चार महिने तेच पाणी पीत होती, आणि प्रत्येकीला वाटत होतं की चूक आपलीच आहे, कारण बाकी कुणी काही बोलत नव्हतं. मग दामू पुढे आला आणि मान खाली घालून म्हणाला, की टोकाला खणून काय होत नाय, हे आम्हा गड्यांना महिन्यापूर्वीच कळलं होतं, पण तात्यांना सांगायचं कुणी?

सदोबातात्या बावेपाशी गेले. त्यांनी पोहरा टाकला, पाणी तोंडात घेतलं आणि रोज गिळत होते ते पाणी आज थुंकलं. मान झिजली होती, बावेखालची साय फाटली होती. मग समुद्राच्या बाजूला जाऊन वाळूतला पाझर ओंजळीत घेतला, आणि तो प्यायले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरलेला होता. ते म्हणाले, "मला बी ठाव नाय, बुधा. खण. आमी खणतो."

सगळं गाव खणायला लागलं. खोरी, पाट्या, टोपल्या, परळ, ज्याच्या हाताला जे लागलं ते. असं म्हणतात, की तांबडे खेकडेही हजारांनी आले आणि माणसांच्या पायांखालून वाळू बाहेर फेकायला लागले. असंही म्हणतात, की समुद्रावर एक मोठी कासवीण आली. अंडी घालायला येते तशी ती वर चढली आणि आपल्या वल्ह्यांसारख्या पायांनी बरोबर चराच्या तोंडाशी खणून परत गेली. हे पाहिलेलं आता कुणी नाही. पण मानेवरची वाळू एका ओहोटीत खणून झाली, हे मात्र सगळेच सांगतात.

पाणी आधी चिळकांडीसारखं आलं. मग ओढ्यासारखं. मग नदीनं इतकी वर्षं वळून वळून जाणारं आपलं अंग एकदम सरळ केलं आणि ती गर्जत समुद्रात घुसली. कडा ढासळत गेल्या. थोरली बाव आपल्या चिऱ्यांसकट, रहाटासकट पाण्यात गेली. बायका रडल्या. पण मागच्या दारचं पाणी उतरायला लागलं होतं, आणि संध्याकाळी भरतीबरोबर समुद्र कितीतरी महिन्यांनी खाडीत आला. तिवरांच्या पिवळ्या पानांखाली पाणी हललं, तेव्हा माणसं उभी राहून ते बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी लोकांच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि गाव पुन्हा चक्रावलं. दांडा उत्तरेला तुटला होता आणि दक्षिणेला वाळूनं पैलतीराला जोडला गेला होता. म्हणजे एकही घर न हलता तिवरदांडा खाडीच्या दुसऱ्या तीरावर गेला होता. डोंगरापायथ्याचे शेजारी आता पलीकडचे झाले, आणि पलीकडचे व्याही शेजारी झाले. नवं मुख उत्तरेला, म्हणून तरही, म्हणजे होडीची ये-जाही, उत्तरेला गेली. पौषातल्या धुक्यात बुधानं आपल्याच काठाला पैलतीर म्हटलं होतं, ते आता खरंच झालं, असं बायका हसत म्हणायच्या. बुधा म्हणायचा, "मी चुकलोच होतो गो. उगाच मला शहाणा करू नका."

नव्या मुखाच्या अलीकडे, देवळाच्या टेकडीच्या पायथ्याला वाळूत बायकांनी हातानं खड्डे उकरले. पुरुषभरसुद्धा खोल जावं लागलं नाही. गोडं पाणी लागलं. पहिल्या घागरीचं पाणी सगळ्यांनी चाखलं आणि सगळ्यांनी मोठ्यानं सांगितलं, की गोडं आहे.

बुधानं पुढं पुष्कळ वर्षं तर चालवली. दामूनं त्याला चिखलातून होडी काढून आणून दिली होती. पण आता त्याच्या होडीत कुणी डुलकी काढत नसे. तो वल्हवता वल्हवता थांबायचा, बांबू खाली घालायचा आणि बसलेल्या माणसांना विचारायचा, "पाणी कुठल्या अंगाला काळं दिसतं? बघा जरा." लोक बघायचे. कधी कधी दोन माणसं दोन दिशा दाखवायची. मग होडी तिथंच थांबवून बोलणं व्हायचं. पोचायला उशीर व्हायचा, पण त्यानंतर त्याची होडी कधी वाळूवर बसली नाही, असं म्हणतात.

तो म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात गेला. येसू त्याच्या आधी दोन वर्षं गेली होती. त्याला नव्या मुखाशी, वाळूवर अग्नी दिला. सदोबातात्यांच्या नातवंडांनी तिथं एक चिरा रोवला. पाच-सहा पावसाळे गेले, दांडा आपल्या चालीनं चालत राहिला, आणि चिरा ज्या वाळूत होता ती वाळू कुठं गेली ते कुणाला सांगता येईना. कुणी म्हणतं, तो चिरा आता खाडीच्या तळाला आहे. कुणी म्हणतं, पलीकडच्या केवड्याच्या बनात आहे. म्हणून बुधा तारीची समाधी नाही.

पण आजही दर वर्षी ज्येष्ठात, नदी तांबडी व्हायच्या आत, सगळा तिवरदांडा मुखाशी जमतो. मुख कधी थोडं इकडे सरकलेलं असतं, कधी तिकडे, आणि पुराच्या आधी ते मोकळं करायला कुठं खणायचं ते ठरवायचं असतं. गावकार पुढे होतो. त्या दिवशी त्यानं डोक्याला काही बांधायचं नसतं. तो सगळ्यांसमोर हात जोडून मोठ्यानं म्हणतो, "मला ठाव नाय." मग गाव वाळूवर पसरतं. लहान-थोर, बाई-पुरुष, जो तो आपल्याला वाटेल तिथं बोट बुडवतो, चाखतो आणि जे लागलं ते बोलतो. तिथं कुणी कुणाला हसायचं नाही, हा नेम आहे.

गेल्या वर्षी घाटावरून लग्न होऊन आलेली एक सून होती. तिनं समुद्र पहिल्यांदा पाहिला त्याला वीसच दिवस झाले होते. ती लाजत लाजत बाजूला गेली, वाकली, बोट जिभेला लावलं आणि हळूच म्हणाली, "इथं अळणी लागतंय हो मला." मोठी माणसं उठून तिच्यापाशी गेली, एकेकानं पाणी चाखलं, आणि गावानं तिथं खणलं.